विश्लेषण : नोबेल ‘सी’ जीवनसत्त्वासाठी, पण कोडे सोडवले स्नायूंचे... कोण होते अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी?

मोबाइलचा स्क्रीन वर सरकवताना तुमचा अंगठा हलतो, तेव्हा त्यामागे दोन प्रथिने काम करत असतात : मायोसिन आणि ॲक्टिन. ही दोन एकत्र आली आणि त्यांना इंधन मिळाले की ती आकुंचन पावतात, हे काचेच्या भांड्यात पहिल्यांदा दिसले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, हंगेरीतील सेगेड या शहरात. ज्यांच्या प्रयोगशाळेत हे घडले ते अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी जगाला माहीत आहेत ते मात्र ‘सी’ जीवनसत्त्वाचे शास्त्रज्ञ म्हणून. त्यांच्या आयुष्यात स्वतःवर झाडलेली गोळी आहे, हेरगिरी आहे, हिटलरचा राग आहे आणि जवळ येऊन निसटलेला एक मोठा शोधही आहे.

‘ढ’ मुलगा ते डॉक्टर

सेंट-ग्यॉर्गी यांचा जन्म १६ सप्टेंबर १८९३ रोजी बुडापेस्टमध्ये झाला. आईच्या माहेरी, लेनहोसेक घराण्यात, शरीररचनाशास्त्राची परंपरा होती. मामा मिहाय लेनहोसेक हे नावाजलेले प्राध्यापक. भाचा मात्र शाळेत यथातथाच. हा संशोधक वगैरे होईल असे मामांना अजिबात वाटत नव्हते. पुढे मुलगा सोळाव्या वर्षाच्या आसपास अचानक अभ्यासाला लागला, तेव्हा मामांनी अट घातली ती गुदद्वाराच्या विकारांवर काम करण्याची, कारण मामांना स्वतःला मूळव्याधीचा त्रास होता. विनोदी वाटले तरी खरे आहे : पुढे नोबेल मिळवणाऱ्या या माणसाचा पहिला शोधनिबंध गुदद्वाराच्या अस्तरावर आहे.

वैद्यकीय शिक्षण सुरू असतानाच १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. सैन्यात वैद्यकीय सेवेत गेलेल्या या तरुणाला शौर्यपदक मिळाले, पण दोन वर्षांत त्याचा युद्धावरचा विश्वास पार उडाला. १९१६ मध्ये त्याने स्वतःच्याच डाव्या दंडाच्या हाडात गोळी झाडून घेतली, शत्रूची गोळी लागल्याचे सांगितले आणि घरी परतला. उघडकीला आले असते तर शिक्षा काय झाली असती, हे वेगळे सांगायला नको. १९१७ मध्ये तो डॉक्टर झाला.

युद्धानंतर ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्यच मोडले. सेंट-ग्यॉर्गी पत्नी आणि लहान मुलीला घेऊन प्राग, बर्लिन, हॅम्बुर्ग, लायडन, ग्रोनिंगन अशी शहरे पालथी घालत राहिले. कुठे पगार तुटपुंजा, कुठे नोकरीच कच्ची. १९२६ पर्यंत परिस्थिती इतकी बिघडली की पत्नी व मुलीला त्यांनी बुडापेस्टला माहेरी धाडले आणि स्वतः पुरते खचले. तशा अवस्थेत ते स्टॉकहोमच्या शरीरक्रियाशास्त्र परिषदेला गेले. तिथे केंब्रिजचे विख्यात जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स यांनी भर सभेत त्यांच्या कामाचा उल्लेख केला. धीर करून सेंट-ग्यॉर्गी त्यांना भेटले आणि केंब्रिजचे दार उघडले.

मिरची आणि नोबेल

हा भाग अनेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. केंब्रिजमध्ये त्यांनी अधिवृक्क ग्रंथीतून एक साखरेसारखा पदार्थ वेगळा केला. तो नेमका काय आहे हे ठाऊक नसल्याने त्यांनी त्याला थट्टेने ‘इग्नोज’, म्हणजे अज्ञाताची साखर, असे नाव सुचवले. संपादकांनी ते नाकारले. मग त्यांनी ‘गॉडनोज’ सुचवले, तेही अर्थातच नाकारले गेले. अखेर ‘हेक्झुरॉनिक आम्ल’ हे गंभीर नाव ठरले. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला सेगेडला परतल्यावर, हंगेरियन वंशाचा अमेरिकी सहकारी जोसेफ स्विर्बेली याच्यासोबत गिनीपिगांवर प्रयोग करून त्यांनी दाखवले की हेच ‘सी’ जीवनसत्त्व. अमेरिकेतील चार्ल्स ग्लेन किंग यांनीही त्याच सुमारास, १९३२ मध्ये, हेच जाहीर केले. श्रेयाचा तो वाद बराच काळ चालला.

पण पुढच्या अभ्यासासाठी हा पदार्थ पुरेसा कुठून आणायचा? सेगेड ही पाप्रिकाची, म्हणजे आपल्या ढोबळी मिरचीच्या कुळातील मिरचीची पेठ. एका रात्री पत्नीने जेवणात ताजी पाप्रिका वाढली. ती खायची इच्छा नव्हती, तसे सांगायचेही धाडस नव्हते, म्हणून आपण ती प्रयोगशाळेत नेली, असे सेंट-ग्यॉर्गी पुढे रंगवून सांगत. मध्यरात्रीपर्यंत उत्तर मिळाले : पाप्रिका ‘सी’ जीवनसत्त्वाने भरलेली होती. जे जेमतेम ग्रॅमच्या हिशेबात मिळत होते, ते काही आठवड्यांत किलोच्या हिशेबात मिळू लागले.

१९३७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना एकट्याला मिळाले. ते फक्त ‘सी’ जीवनसत्त्वासाठी नव्हते. पेशी अन्नातून ऊर्जा कशी काढतात याच्या अभ्यासासाठीही होते. त्या अभ्यासासाठी त्यांनी वापरला होता कबुतराच्या छातीचा स्नायू, कारण उडणाऱ्या पक्ष्याचा हा स्नायू प्राणवायू झपाट्याने वापरतो. स्नायूंशी त्यांची गाठ पडली ती अशी.

पारितोषिकाच्या पैशांचा किस्साही त्यांच्या स्वभावाला धरून आहे. युद्ध झाले तर ज्यांचा भाव वाढेल असे शेअर घेतले, तर आपण नकळत युद्धाची वाट पाहू, असे वाटून त्यांनी युद्धात भाव पडेल असेच शेअर घ्यायला सांगितले. युद्ध झाले आणि पैसे बुडाले. १९४० मध्ये सोव्हिएत आक्रमण झेलणाऱ्या फिनलंडच्या मदतीसाठी त्यांनी सोन्याचे नोबेल पदकही देऊन टाकले.

स्नायूंबद्दल तोवर काय माहीत होते?

नोबेलनंतर बहुतेक जण त्याच विषयात स्थिरावतात. सेंट-ग्यॉर्गी यांनी विषयच बदलला. सजीव आणि निर्जीव यांतला सर्वांत ठळक फरक म्हणजे हालचाल, तेव्हा हालचालच मुळापासून समजून घ्यायची, असे त्यांनी ठरवले.

तेव्हाचे ज्ञान तुकड्या-तुकड्यांत होते. हाडांना जोडलेला, म्हणजे आपल्या इच्छेने हलणारा स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली पट्टेदार दिसतो, एक काळा पट्टा, एक उजळ पट्टा, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते. त्याच शतकात जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी बेडकाच्या स्नायूतून एक प्रथिन काढून त्याला मायोसिन नाव दिले होते. १९२९ मध्ये कार्ल लोमन यांनी स्नायूत एटीपी हा रेणू शोधला. आणि १९३९ मध्ये मॉस्कोतील एंगेलहार्ट आणि ल्युबिमोवा या शास्त्रज्ञ दाम्पत्याने दाखवले की मायोसिन स्वतःच एटीपी फोडते. म्हणजे जे प्रथिन यंत्राचा भाग आहे, तेच इंधनही जाळते. पेट्रोल जाळणारा पिस्टन म्हणा हवे तर. हे वाचून सेगेडमधली मंडळी कामाला लागली.

एका रात्रीत काय बदलले?

प्रयोग अगदी साधा होता. सशाचा ताजा स्नायू थंड करून बारीक करायचा, मिठाच्या तीव्र द्रावणात ठेवायचा आणि त्यात उतरलेले प्रथिन गोळा करायचे. हे काम इलोना बांगा यांच्याकडे होते. वीस मिनिटांत गाळून घेतले की पातळ द्रव मिळे. एकदा मात्र ते मिश्रण रात्रभर तसेच राहिले. सकाळी पाहतात तर द्रव दाट आणि चिकट झालेला!

प्रयोग बिघडला म्हणून भांडे धुऊन टाकणे सोपे होते. त्यांनी त्या दाट द्रवात एटीपी घातले. तो लगेच पातळ झाला.

पहिल्या पातळ द्रवाला त्यांनी मायोसिन ए म्हटले, दुसऱ्याला मायोसिन बी. फरक कशाने? रात्रभरात स्नायूतले एटीपी संपले होते आणि मायोसिनला चिकटून आणखी काहीतरी बाहेर आले होते. ते ‘काहीतरी’ शोधून काढले त्याच प्रयोगशाळेतील तरुण सहकारी ब्रुनो स्ट्राउब यांनी, १९४२ मध्ये. ते स्वतंत्र प्रथिन निघाले. मायोसिनला सक्रिय करते म्हणून त्याचे नाव पडले ॲक्टिन. मायोसिन बी म्हणजे ॲक्टिन आणि मायोसिन यांची जोडी, ॲक्टोमायोसिन.

याच्याही आधी सेंट-ग्यॉर्गी यांनी त्या दाट प्रथिनाचे बारीक धागे काढून पाहिले होते. त्यावर स्नायूचा उकळलेला रस टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धागे झरझर आखडले. नंतर उकळलेल्या रसाऐवजी नुसते एटीपी आणि पोटॅशियम, मॅग्नेशियमचे क्षार घातले, तरी तेच. शरीराबाहेर, मज्जातंतूशिवाय, पेशीशिवाय, शुद्ध केलेली प्रथिने हलत होती. आपल्या संपूर्ण आयुष्यातला तो सर्वांत थरारक क्षण होता, असे ते उतारवयातही सांगत. नोबेलचा क्षण त्यांच्या लेखी त्यानंतरचा.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. सेंट-ग्यॉर्गी यांच्यावरच्या गोष्टींत हा शोध अनेकदा एकट्या त्यांच्या नावावर जातो. प्रत्यक्षात मिश्रणाचे निरीक्षण बांगा यांचे, ॲक्टिन स्ट्राउब यांचे, आणि धागे व त्यांचा अर्थ सेंट-ग्यॉर्गी यांचा.

मग हिटलर का चिडला?

हे सारे १९४१ ते १९४३ या काळात सेगेडहून छापल्या गेलेल्या छोट्या पुस्तिकांमध्ये प्रसिद्ध झाले. युद्धाने टपाल आणि प्रवास तोडलेला असल्याने बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता उशिरा लागला.

हंगेरी तेव्हा जर्मनीच्या बाजूने लढत होता. नाझीविरोधी सेंट-ग्यॉर्गी फेब्रुवारी १९४३ मध्ये इस्तंबूलला गेले. निमित्त व्याख्यानाचे, पण खरे काम होते पंतप्रधान मिक्लोश काल्लाय यांच्या वतीने दोस्त राष्ट्रांशी गुप्त बोलणी करण्याचे. ही बातमी जर्मनांपर्यंत पोहोचली. हंगेरीचे सत्ताधीश होर्टी यांच्यासमोर हिटलरने त्यांचे नाव घेऊन आरडाओरडा केला, असे सांगितले जाते. त्यांना नजरकैदेत ठेवण्यात आले. मार्च १९४४ मध्ये जर्मन सैन्य हंगेरीत घुसले तेव्हा ते भूमिगत झाले. गेस्टापो मागावर होती. स्वीडनने त्यांना नागरिकत्व दिले आणि काही काळ ते बुडापेस्टमधील स्वीडिश दूतावासात लपले. जगण्याची शाश्वती नसल्याने आपले स्नायूंवरचे काम त्यांनी एकत्र लिहून स्वीडनला पाठवले. ते १९४५ मध्ये एका स्कँडिनेव्हियन नियतकालिकाची पुरवणी म्हणून छापून आले, आणि मगच पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना कळले की युद्धाच्या धुमश्चक्रीत सेगेडमध्ये काय घडून गेले होते.

सोव्हिएत सैन्याने त्यांना शोधून सुरक्षित ठिकाणी हलवले. नव्या हंगेरीकडून त्यांना मोठ्या आशा होत्या. ते संसदेत गेले, विज्ञान अकादमीची फेरउभारणी केली. पण कम्युनिस्टांची पकड घट्ट होत गेली आणि १९४७ मध्ये त्यांनी देश सोडून अमेरिका गाठली.

अमेरिकेत काय हाती लागले?

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील वूड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत त्यांनी बस्तान बसवले. टीकाकारांचा आक्षेप होता की सेगेडचे धागे सगळ्या बाजूंनी आखडले, नुसते पाणी सोडून आक्रसले. खरा स्नायू तर लांबीने कमी होतो आणि जाड होतो. आक्षेप रास्त होता.

त्यावर १९४९ मध्ये त्यांनी दिलेले उत्तर आजही प्रयोगशाळांत वापरले जाते. सशाच्या कण्यापासून मांडीपर्यंत जाणारा लांब स्नायू त्यांनी ५० टक्के ग्लिसरीनमध्ये उणे २० अंश सेल्सियसला ठेवला. पेशींची आवरणे निकामी झाली, आतले एटीपी निघून गेले, पण तंतूंची मांडणी जशीच्या तशी राहिली. अनेक आठवड्यांनी या मृत स्नायूवर एटीपी घातले की तो आकुंचन पावे आणि जिवंत स्नायूच्या तोडीचे बल लावी.

पण आकुंचन होते कसे? सेंट-ग्यॉर्गी यांना वाटत होते की प्रथिनांचे लांब रेणू स्वतःच आखडतात, दुमडतात. ही त्यांची चूक होती. १९५३-५४ मध्ये ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांनी, तसेच अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ निडरगेर्के यांनी स्वतंत्रपणे वेगळेच दाखवले : कोणताही तंतू आखूड होत नाही, ते एकमेकांवरून सरकतात. दोन्ही निबंध ‘नेचर’च्या २२ मे १९५४ च्या अंकात पाठोपाठ छापले गेले. (दोन्ही हक्सलींचे आपसांत नाते नाही.) गंमत अशी, की ह्यू हक्सली आणि हॅन्सन यांनी वापरला होता तो ग्लिसरीनमध्ये मुरवलेला सशाचा स्नायूच. साधन सेंट-ग्यॉर्गींचे, उत्तर दुसऱ्यांचे.

अंगठा हलतो म्हणजे आत काय घडते?

आजचे चित्र असे. शरीरात अशा इच्छावर्ती स्नायूंची संख्या सहाशेहून अधिक आहे आणि वजनात त्यांचा वाटा साधारण ४० टक्के. एखादा स्नायू आडवा कापला तर जाड केबलसारखा दिसेल : मोठ्या वेष्टनात छोटे जुडगे, प्रत्येक जुडग्यात स्नायुतंतू. हा प्रत्येक तंतू म्हणजे एकच लांबलचक पेशी, जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, आणि तिच्यात अनेक केंद्रके. तिच्या आत शेकडो सूक्ष्म तंतुके, आणि प्रत्येक तंतुक म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या डब्यांची मालगाडी. या डब्याला सार्कोमिअर म्हणतात. विश्रांतीच्या वेळी त्याची लांबी असते जेमतेम दोन-सव्वादोन मायक्रॉन.

डब्याच्या दोन्ही टोकांच्या भिंतींना ॲक्टिनचे बारीक तंतू जोडलेले असतात, मधोमध मायोसिनचे जाड तंतू. मायोसिनच्या प्रत्येक जाड तंतूवर सुमारे तीनशे रेणू, आणि त्यांची डोकी वल्ह्यांसारखी बाहेर आलेली. मेंदूचा निरोप मज्जातंतूतून आला की स्नायुपेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम बाहेर पडते. ते ॲक्टिनवरच्या ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटते आणि ॲक्टिनवरच्या झाकलेल्या जागा उघड्या होतात. हा कॅल्शियमचा दुवा १९६० च्या दशकात जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी उलगडला. जागा उघडताच मायोसिनची डोकी तिथे पकड घेतात, वाकतात आणि ॲक्टिनला आत ओढतात. एका हिसक्यात सरक होते ती मीटरच्या अब्जाव्या भागाच्या पाच-दहा पट. पण असंख्य डबे एकामागोमाग जोडलेले असल्याने टोकाला अंगठा दिसेल इतका हलतो.

एटीपीचे काम इथे थोडे अनपेक्षित आहे. डोके ॲक्टिनला पकडून ओढते तेव्हा नव्हे, तर पकड सोडवायला नवा एटीपी रेणू लागतो. तो फुटला की डोके पुढच्या हिसक्यासाठी पुन्हा ताणले जाते. म्हणून इंधन संपले तर स्नायू सैल पडत नाही, ताठ होतो. मृत्यूनंतर काही तासांत शरीर लाकडासारखे कडक होते ते यामुळेच. आणि बांगा यांच्या भांड्यात रात्रभरात झाले होते तेही जवळपास हेच.

जिवंत स्नायूतला एटीपीचा तयार साठा जोरदार श्रमात दोन-तीन सेकंदच पुरतो. पुढची काही सेकंद क्रिएटिन फॉस्फेट त्याची भरपाई करते, नंतर साखर आणि मेद जाळून ते सतत बनवत राहावे लागते.

शेवटची वर्षे

१९५४ मध्ये त्यांना हृदयाच्या स्नायूवरील कामासाठी लास्कर पुरस्कार मिळाला, पण त्यांचे मन तोवर दुसरीकडे वळले होते. १९६३ मध्ये दुसरी पत्नी मार्ता आणि १९६९ मध्ये एकुलती मुलगी नेली, दोघी कर्करोगाने गेल्या. सेंट-ग्यॉर्गी कर्करोगामागे लागले. प्रथिनांतून इलेक्ट्रॉन वाहतात आणि तिथेच रोगाचे मूळ आहे, ही त्यांची कल्पना बहुतेक शास्त्रज्ञांना पटली नाही. सरकारी अनुदाने मिळेनाशी झाली, कारण पुढे काय शोधणार हे अर्जात आधीच लिहून द्यायला ते तयार नसत. १९७३ मध्ये लोकवर्गणीवर चालणारी एक कर्करोग संशोधन संस्था त्यांच्यासाठी उभी राहिली. त्या कामातून त्यांना हवे ते उत्तर निघाले नाही. दरम्यान व्हिएतनाम युद्धाविरोधात ते जाहीर लिहीत-बोलत राहिले, आणि वयाच्या ऐंशीनंतरही वूड्स होलच्या समुद्रात पोहत राहिले.

१९७८ मध्ये अमेरिकेने हंगेरीचा राजमुकुट परत केला, त्या शिष्टमंडळातून ते मायदेशी गेले. २२ ऑक्टोबर १९८६ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, वूड्स होल येथे त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी सेगेडच्या वैद्यकीय विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. इलोना बांगा यांनी पुढे बुडापेस्टमध्ये इलास्टेज या विकराचा शोध लावण्यात महत्त्वाचा वाटा उचलला. ॲक्टिन शोधणारे ब्रुनो स्ट्राउब मात्र हंगेरीतच राहिले आणि १९८८ मध्ये अध्यक्षीय परिषदेचे प्रमुख, म्हणजे देशाचे राष्ट्रप्रमुख झाले.